गाडी पोचली, पण घरी आली का?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा सहज फेरी मारा आणि फक्त नंबरप्लेटी वाचा. एमएच-१२ आणि एमएच-१४ तर आहेतच. पण त्यांच्या जोडीला नागपूरची एमएच-३१, जळगावची एमएच-१९, लातूरची एमएच-२४, कोल्हापूरची एमएच-०९ आणि मधूनच एखादी केए किंवा जीजे. यातल्या काही गाड्या घरून आलेल्या, वडिलांच्या किंवा काकांच्या. पण बऱ्याच सेकंडहँड, लांबून विकत घेऊन आणलेल्या. आता प्रत्येक गाडीच्या 'मालकाला' एकच प्रश्न विचारा : "आरसीवर नाव कोणाचं आहे?" उत्तर देताना निम्मे जण आधी हसतील आणि मग सांगतील, "अरे, ते करायचंय अजून."

हा लेख त्या 'करायचंय अजून'बद्दल आहे.

गाडी लांबून का आणतात, याला कारणं आहेत. पुण्यात दर जूनमध्ये नवीन पोरं येतात आणि सगळ्यांना एकाच वेळी गाडी हवी असते. साहजिकच इथला विकणारा हवेत असतो. तीच गाडी गावाकडे कमी वापरलेली, कमी पैशात मिळते असा अनुभव आहे. दुसरं कारण म्हणजे शौक. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. जावा आणि येझदी ही नावं २०१८ आणि २०२२ मध्ये नव्यानं बाजारात आली, पण शौकिनाला जुनीच हवी असते. मग ती बंगळुरूत मिळो नाहीतर बेळगावात, पठ्ठ्या तिथे जाणार म्हणजे जाणार.

आणि गाडी आणण्याच्या बाबतीत आपण सगळे एक्स्पर्ट! मार्ग तीन. चालवत आणायची, रेल्वेनं आणायची किंवा ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत टाकायची. तिन्हींवर हॉस्टेलच्या मेसमध्ये तासन् तास चर्चा झडतात.

चालवत आणणाऱ्याला आम्ही दाद देतो. बंगळुरू ते पुणे साधारण साडेआठशे किलोमीटर. हुबळी किंवा बेळगावला मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा बोगदा आणि संध्याकाळी कात्रज. निघण्यापूर्वी चेन, टायर, ब्रेक, इंजिन ऑइल आणि क्लच केबल पाहायची. एक जादा केबल आणि स्पार्क प्लग खिशात ठेवायचा. अनोळखी गाडीवर पहिले शंभर किलोमीटर तिचा स्वभाव ओळखण्यात घालवायचे. मुंबईहून आणणाऱ्यानं हेही लक्षात ठेवायचं की एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या हायवेनंच यायचं. नागपूरकरांसाठी समृद्धी महामार्गाचंही तेच.

रेल्वेचा मार्ग त्या मानानं निवांत. स्वतःकडे त्याच गाडीचं तिकीट असेल तर 'लगेज' म्हणून, नसेल तर 'पार्सल' म्हणून मोटरसायकल बुक होते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, तिथे 'थोडंसं राहू दे' चालत नाही. पार्सल ऑफिसच्या बाहेर पॅकिंग करणारे असतात. ते पेंढा आणि गोणपाट लावून सुतळीनं गाडी अशी बांधतात की स्वतःच्या आईलाही ओळखू येणार नाही. आरसे आपण आधीच काढून घ्यायचे. हेडलाइट आणि टाकीला जादा गोणपाट लावायला सांगायचं. कुठून कुठे जाणार ते लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधायचा. शक्यतो जिथे गाडी बराच वेळ थांबते अशा मोठ्या स्टेशनपर्यंतच बुक करायचं, कारण दोन मिनिटांच्या थांब्यात मोटरसायकल उतरवणं हमालांच्याही हातात नसतं. पुणे स्टेशनवर उतरली की मूळ पावती दाखवून ताब्यात घ्यायची. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर केला की व्हार्फेज लागतं. पावती हरवली तर बाँड लिहून देण्याची कटकट वेगळी.

टेम्पोवाल्याकडे दिली तर भाडं जास्त, पण दारात येते. फक्त बिल्टीवर गाडीचा नंबर आणि तिची अवस्था लिहून घ्यायची, आणि देताना चारी बाजूंनी फोटो काढून ठेवायचे.

एवढं सगळं आपल्याला पाठ आहे. गाडीला रस्त्यात ओरखडा पडू नये म्हणून आपण गोणपाटाचे थर मोजतो. पण गाडी हॉस्टेलच्या गेटातून आत आली, पेढे वाटले, दोघातिघांनी राउंड मारली, की आपण समजतो काम झालं. माझं म्हणणं असं की तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. गाडी पुण्यात आली, एवढंच. ती तुमच्या घरी येते तुमचं नाव आरसीवर चढतं तेव्हा. तोपर्यंत ती ज्यानं विकली त्याच्याच घरची आहे आणि तुम्ही ती फक्त फिरवताय.

हे मी भाषणाच्या भरात म्हणत नाहीये, कायदाच तसं म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कलम २ च्या उपकलम ३० मध्ये 'मालक' शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. (अज्ञान मुलाच्या नावावरची किंवा कर्जावरची गाडी असेल तर थोडा फरक आहे, तो सोडून देऊ.) पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, पेट्रोल कोण भरतो, याचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही.

आता याचा परिणाम काय होतो ते बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात निकाल दिला. एका माणसानं २००७ मध्ये आपली कार विकली. घेणाऱ्यानं ती पुढे विकली, त्यानं आणखी पुढे. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये ती कार मागे घेताना दोन पायी चालणाऱ्यांना लागली. एक बाई जखमी झाली आणि तिचा भाचा गेला. भरपाई कोणी द्यायची? हायकोर्टानं पहिल्या मालकाला मोकळं केलं होतं. सुप्रीम कोर्टानं तो निर्णय फिरवला. कागदावर जो मालक तोच जबाबदार, कारण ज्याचं माणूस गेलंय त्याला विक्रीच्या साखळीमागे शोधत फिरायला लावणं बरोबर नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

वाचायला हा कोर्टातला किस्सा वाटतो. पण हॉस्टेलमध्ये काय चालतं ते आठवा. फायनल इयरचा दादा जाताना गाडी थर्ड इयरच्या पोराला देतो. तो दोन वर्षांनी सेकंड इयरच्या. सोबत एक प्लास्टिकचं फोल्डर असतं, त्यात आरसी आणि मूळ मालकानं सह्या करून दिलेले फॉर्म २९ आणि ३०, कोरे! ते फोल्डर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातं. मूळ मालक तोवर नोकरी लागून हैदराबादला गेलेला असतो, लग्न झालेलं असतं, आणि आपल्या नावावरची एक गाडी पुण्यात कोणीतरी अनोळखी पोरगा चालवतोय हे तो विसरूनही गेलेला असतो. त्या पोरानं उद्या सिग्नल तोडला तर ई-चलन कोणाच्या नावानं फाटणार? कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो, चेहऱ्यावरून मालक शोधत नाही. आणि चलनापेक्षा मोठं काही झालं तर?

पुणेकरांना १० जुलै २०१४ आठवत असेल. फरासखाना पोलीस स्टेशनच्या आवारात उभ्या असलेल्या मोटरसायकलमध्ये स्फोट झाला. ती मोटरसायकल साताऱ्याहून चोरलेली निघाली. चोरीची तक्रार असते तेव्हा मूळ मालकाला सांगायला काहीतरी असतं. 'विकली हो साहेब, पण कोणाला ते नीट आठवत नाही' असं म्हणणाऱ्याकडे काय असतं? पोलीस पहिल्यांदा कागदावरच्या नावाचंच दार वाजवणार, त्यात त्यांची काही चूक नाही.

हे झालं विकणाऱ्याचं. चालवणाऱ्यालाही यात काही सुख नाही. बऱ्याच जणांना वाटतं, इन्शुरन्स चालू आहे ना, मग झालं. पण इन्शुरन्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला मिळणारं थर्ड पार्टी संरक्षण कलम १५७ प्रमाणे गाडीसोबत नव्या मालकाकडे जातं. नवीन मालकानं चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीत बदल करून घ्यायचा असतो. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी याचं संरक्षण मात्र असं आपोआप जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे पॉलिसी दादाच्या नावावर आणि गाडी तुमच्या कुलुपात असताना चोरीला गेली, तर कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. तसंच पॉलिसीसोबत पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते 'मालक-चालका'साठी. तुम्ही नुसते चालक. तुमच्या आईवडिलांना त्या पंधरा लाखांतला एक रुपया मागता येणार नाही. हे वाक्य कडू आहे, पण आपल्यापैकी रोज रात्री कॅम्पातून परत येणाऱ्या प्रत्येकानं एकदा मनात म्हणून बघावं.

मग हे नावावर करणं इतकं अवघड आहे का? खरं सांगायचं तर अवघड नाही, कंटाळवाणं आहे. राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर फॉर्म २९ आणि ३०, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कलम ५० सांगतं. नागपूरची गाडी पुण्याच्या आरटीओत नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. नंबर तोच राहतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायचा. मूळ मालक हयात नसेल तर वारसाकडून फॉर्म ३१. कोरे फॉर्म सांभाळत बसणाऱ्यांनी हा शेवटचा मुद्दा विशेष वाचावा.

बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी, इथे नवीन नंबरासाठी फॉर्म २७, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. टॅक्स गाडीचं वय धरून लावतात. जुन्या राज्यात आधीच भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आपणच करायचा. इथे एक गैरसमज फार पसरलाय. 'बारा महिने काही करायची गरज नाही' असं सीनियर सांगतात. कलम ४७ मधले बारा महिने आहेत ते नवीन राज्याचा नंबर घेण्यासाठी. मालकी बदलल्याचं कळवायची मुदत वेगळी आणि ती खूप लहान आहे. दोन्हींची सरमिसळ करून वर्ष घालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आणि जुन्या शौकाच्या गाडीचं आणखी एक. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावं लागतं. आरएक्स १०० कोणतीही घ्या, तिची पंधरा वर्षं केव्हाच झालीत. विकणारा 'पेपर क्लिअर' म्हणतो तेव्हा नूतनीकरणाची तारीख बघा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आपल्या डोळ्यांनी वाचा, कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उमटवून घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नका. 'मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी भाडं टाका' या नावाखाली देशभर लोक फसलेत. गाडी कधी येत नाही. पुढचा 'चार्ज' मात्र दर दोन तासांनी येतो.

आता तुमचे आक्षेप. पहिला : "दोन-तीन वर्षांत विकायचीच आहे, कशाला नावावर?" वर सांगितलेला अपघात विक्रीनंतर दोन वर्षांनीच झाला होता. दोन-तीन वर्षं पुरेशी असतात. शिवाय नावावर असलेली गाडी विकताना भाव करायला तोंड असतं. फोल्डरवाल्या गाडीचा भाव दर पिढीला घसरतो.

दुसरा : "खर्च येतो." येतो. म्हणून तो गाडीच्या किमतीतच धरायचा. पंचवीस हजारांची बाहेरच्या राज्यातली गाडी पंचवीस हजारांची नसतेच. रेल्वेचं भाडं, पॅकिंग, एनओसी, टॅक्स, नवी नंबरप्लेट, इन्शुरन्स, हे सगळं मांडून मग बघा स्वस्त पडते का. बऱ्याचदा हिशोब केल्यावर नाना पेठेतून सामान आणून पुण्यातलीच गाडी नीट करून घेणं परवडतं. इंजिनीअरिंगच्या पोरांनी निदान बेरीज तरी पूर्ण करावी!

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. "माझा पत्ता गावचा. पुण्याचा पुरावा कुठून आणू?" हॉस्टेलच्या खोलीचं लाइट बिल आपल्या नावावर नसतं. यावर एक सरळ उपाय आहे. गाडी महाराष्ट्रातलीच असेल आणि तुमचं घर लातूरला असेल तर लातूरच्या पत्त्यावर करून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत होतं. बरीचशी कामं आता परिवहन खात्याच्या वेबसाइटवर सुरू करता येतात. पुण्याच्याच पत्त्यावर करायची तर आपल्या आरटीओत कोणता पुरावा चालेल ते गाडी घेण्याच्या आधी विचारा, घेतल्यानंतर नाही.

इथेच आमच्या रेक्टर सरांना आणि ऑफिसला विनंती करायची आहे. पार्किंगचा स्टिकर देताना आज आपण गाडीचा नंबर आणि विद्यार्थ्याचा रोल नंबर लिहून घेतो. त्यात एक रकाना वाढवा : आरसीवरचं नाव. नाव विद्यार्थ्याचं किंवा घरच्यांचं असेल तर वर्षाचा स्टिकर. नसेल तर साठ दिवसांचा, आणि ट्रान्सफरच्या अर्जाची पावती दाखवली की पुढचा. दंड नको, गाडी जप्त नको, नुसती आठवण पुरे. ज्यांना हॉस्टेलच्या पत्त्याचं पत्र लागेल त्यांना ते ऑफिसनं चार दिवसांत द्यावं, चार आठवड्यांत नाही. आणि फायनल इयरच्या नो ड्यूज फॉर्मवर लायब्ररी, मेस आणि लॅबच्या खाली एक ओळ असू द्या : 'कॅम्पसमध्ये विकलेली गाडी ट्रान्सफर केली आहे.' हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपण शेवटच्या दिवशी वसूल करतो, मग याची एक सही जास्त होणार नाही.

मेकॅनिकलच्या मंडळींनाही एक काम. दर ऑगस्टमध्ये एक रविवार पार्किंगमध्ये बसा. चेसिस नंबर जुळवून द्या, ब्रेक आणि टायर तपासा, फॉर्म भरायला मदत करा. मुलींच्या हॉस्टेलमधल्या स्कूटींनाही बोलवा, त्यांची फोल्डरंही काही वेगळी नाहीत. स्टाफ पार्किंगमध्ये एखाद्या सरांनी मेहुण्याकडून घेतलेली गाडी अजून मेहुण्याच्याच नावावर असेल, तर त्यांनीही रांगेत यावं. आम्ही हसणार नाही.

सीनियर दादांना शेवटचं सांगायचं. गाडी ज्युनियरला देताना पार्टी मागता, ती घ्या. पण पार्टीच्या आधी दोघं मिळून संगम पुलाजवळ आरटीओत जाऊन या. कोरे फॉर्म हातात ठेवून जाऊ नका. आपल्यामागे इथे जे नाव राहायचं ते वर्गाच्या फोटोत राहू द्या, अनोळखी पोराच्या खिशातल्या आरसीवर नको.